बेलारूसी आणि स्वाहिली शेजारी शेजारी: एका देवनागरी तक्त्याच्या नोंदी

काय करायचंय: पेठेतल्या वाचनालयाच्या भिंतीसाठी ए-३ आकाराचा तक्ता. डावीकडे बेलारूसी, उजवीकडे स्वाहिली, मध्ये मराठी अर्थ. दोन्ही भाषा देवनागरीत, म्हणजे बघणाऱ्याला वाचता येतील. मुदत २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. याच दोन भाषा का, तर माणसं हाताशी आहेत. भाचा बेलारूसमधल्या विटेब्स्कला डॉक्टरकी शिकतो आणि खालच्या मजल्यावर टांझानियातल्या दार-ए-सलामचा एक विद्यार्थी भाड्यानं राहतो. कुणाला असाच तक्ता दुसऱ्या दोन भाषांचा करायचा असेल तर या नोंदी उपयोगी पडाव्यात.

१० नोव्हेंबर

पहिला आराखडा व्याकरणाच्या पुस्तकासारखा झाला. विभक्ती: बेलारूसीत सहा, स्वाहिलीत नाहीत. लिंग: बेलारूसीत तीन, स्वाहिलीत नाही, पण नामांचे डझनभर वर्ग, म्हणजे गट, ज्यांची खूण नामाला आणि त्याच्या सोबतच्या शब्दांना लागते. शब्दक्रम, काळ, वगैरे. छापून बायकोला दाखवला. तिनं विचारलं, "मग? यातून मला काय कळलं?" बरोबर आहे. एका रकान्यात 'आहे' आणि दुसऱ्यात 'नाही' लिहिलं की तुलना होत नाही, हजेरीपट होतो. आराखडा रद्द. दोन्ही भाषांना एकच काम द्यायचं आणि त्या ते कसं करतात ते मांडायचं. काम ठरवलं: वस्तू मोजणं.

१४ नोव्हेंबर

भाच्यानं शंभरेक शब्द व्हॉट्सॲपवर पाठवले, तेही देवनागरीत. निम्मे तक्त्यात भरल्यावर महिन्यांपाशी शंका आली. जानेवारीला त्यानं 'यन्वार' लिहिलं होतं. बेलारूसी महिने युरोपभर चालणाऱ्या लॅटिन नावांचे नाहीत, मे सोडला तर सगळे ऋतूंवरून आणि शेतीवरून आलेले आहेत. जानेवारी म्हणजे स्तूऽद्ज़ेन्य, गारठ्याचा. (ऽ ही उच्चारातल्या जोराची खूण, ती कशी ठरली ते पुढे येईल.) नोव्हेंबर म्हणजे लीस्तपाऽद, पानगळीचा. त्याची अख्खी यादी रशियन निघाली.

फोन केला तर म्हणाला, "मामा, इथं सगळे रशियनच बोलतात. कॉलेजात पण रशियनच शिकवतात." त्याचं चुकलं नाही. १९९५च्या सार्वमतानंतर तिथं दोन्ही राजभाषा आहेत आणि शहरात कानावर रशियनच जास्त पडते. बेलारूसी ऐकायची तर मिन्स्कच्या मेट्रोत दारं बंद होतानाची सूचना ऐकायची.

यादी टाकून दिली. आता पोलंडमध्ये राहणारी एक बेलारूसी अनुवादक मिळाली, पूर्ण तक्ता तपासायचे साडेतीन हजार रुपये ठरले. हा खर्च पहिल्या दिवशीच करायला हवा होता. देवनागरीत आलेली यादी कुठल्या भाषेची आहे ते डोळ्यांना कळत नाही. मूळ लिपीत मागवली असती तर लगेच कळलं असतं, कारण रशियनमधलं 'ई'चं अक्षर बेलारूसीत वापरतच नाहीत.

२० नोव्हेंबर

लिप्यंतराचे नियम. बेलारूसीत 'उ'वर टोपी घातलेलं एक अक्षर आहे, इतर कुठल्या स्लाव्ह भाषेच्या आजच्या वर्णमालेत ते नाही. उच्चार 'उ' आणि 'व'च्या मधला. दोन दिवस त्यासाठी नवं चिन्ह शोधत बसलो. नंतर 'भाव' आणि 'देव' मोठ्यानं म्हणून पाहिले. शब्दाच्या शेवटी आपण जो 'व' म्हणतो तोच हा! खूण नको, चिन्ह नको. लांडगा म्हणजे वोव्क. 'तो पडला' म्हणजे योन उपाऽव.

एक गंमत तक्त्यात घातलीच पाहिजे. आधीचा शब्द स्वरानं संपला की पुढच्या शब्दाचा पहिला बिनजोराचा 'उ' या व-काराचा होतो. 'तो पडला' योन उपाऽव, पण 'ती पडली' यनाऽ व्पाऽला. म्हणजे शेजारी बदलला की शब्दाचं तोंड बदलतं. त्यामुळे शब्दसूची अकारविल्हे लावताना एकच क्रियापद दोन ठिकाणी गेलं. सुटा शब्द नेहमी 'उ'नं लिहायचा, असं ठरवलं.

२४ नोव्हेंबर

'च'चा गुंता. बेलारूसीत चाकातला च आणि चारातला च ही दोन वेगळी अक्षरं आहेत. मराठीत उच्चार दोन, अक्षर एक, आणि आपल्याला कधी अडत नाही कारण शब्द पाठ असतात. परक्या शब्दाला ही सोय नाही. काश्मिरी देवनागरीत चाकातल्या च-ला नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) देतात, तोच उचलला: च़. साखर च़ूऽकर, चार चतिऽरि.

पाचाला काय म्हणतात ते लिहिलं आणि थांबलो. प्याच़. आपला 'पाच'सुद्धा चाकातल्या च-चाच. रशियनमध्ये शेवटी मऊ, म्हणजे 'त्य'कडे झुकणारा 'त' आहे. बेलारूसीनं मऊ त-चा च़ केला आणि मराठी तिच्या वाटेनं तिथंच पोचली. शब्दाचं मूळ एक, पण शेवटचा हा आवाज दोघींनी स्वतंत्रपणे कमावलेला. तक्त्यात याला लाल चौकट.

'ग'लाही नुक्ता लागला. बेलारूसी 'ग' घशात घासून येतो: डोंगर म्हणजे ग़राऽ. स्वाहिलीत अरबीतून आलेल्या शब्दांत हाच आवाज आहे: महाग म्हणजे ग़ाली. एक चिन्ह दोन्ही रकान्यांना चाललं, असं फार वेळा होत नाही.

१ डिसेंबर

आघात, म्हणजे उच्चारताना शब्दातल्या एका अवयवावर (अक्षरावर) येणारा जोर. स्वाहिलीत काही करावं लागत नाही, तो जवळजवळ कायम शेवटून दुसऱ्या अवयवावर. बेलारूसीत तो फिरतो, आणि फिरताना स्वर बदलतो. पाय नग़ाऽ, अनेकवचन नोऽग़ी. डोंगर ग़राऽ, अनेकवचन ग़ोऽरि. आघात गेला की 'ओ'चा 'अ' होतो, आणि बेलारूसी लेखनात तो तसाच लिहितात. (रशियन लेखनात तो लपलेला असतो. या बाबतीत बेलारूसी आपल्याला सोयीची.)

आधी वाटलं, आघाताचा 'आ' आणि बिनआघाताचा 'अ' एवढ्यानं भागेल. पण शब्दाच्या शेवटी 'अ' लिहिला की मराठी वाचक तो गिळतो. 'क्नीग़ा', म्हणजे पुस्तक, याचं 'क्नीग' झालं. शेवटी आघातासाठी अवग्रह (ऽ) घेतला. 'होऽ', 'आईऽ' असं आपण लिहितोच, ते चिन्ह कुणाला समजावावं लागत नाही.

ऱ्हस्व 'ि' एका वेगळ्या बेलारूसी स्वरासाठी राखून ठेवली, जीभ मागे ओढून म्हटलेल्या 'इ'साठी. बाकी सगळीकडे दीर्घ. याचा पुढे त्रास होणार हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं, कारण मराठी शुद्धलेखनात शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घच.

८ डिसेंबर

मोजायला पहिली वस्तू घेतली टेबल. बेलारूसी बाजू झकास आली: एक स्तोल, दोन स्तलिऽ, पाच स्तलोऽव. स्वाहिली बाजू: मेज़ा मोजा, मेज़ा म्‌बीली, मेज़ा तातू, मेज़ा तानो, मेज़ा सीता. (सहाला सीता. वाचनालयात यावर हशा पिकणार.) नाम जागचं हलत नाही, आकडाही हलत नाही. तक्त्यात लिहूनही टाकलं: 'स्वाहिलीत मोजणं सोपं'.

खालच्या मजल्यावरच्या पोरानं वाचलं आणि एवढंच म्हणाला, टेबलाऐवजी पुस्तक मोजून बघा. मेज़ा हा पोर्तुगीजमधून आलेला शब्द ज्या वर्गात बसलाय त्या वर्गात एकवचन-अनेकवचन सारखंच दिसतं, आणि आकड्यावरही वर्गाची खूण जेमतेम उमटते. नेमकी अशी वस्तू निवडली की जी भाषेचं सगळं यंत्र झाकून टाकते. तपासणीसाठी एकच नाम घेणाऱ्यांनी ही नोंद दोनदा वाचावी.

पुस्तक म्हणजे कीताबू. अरबी किताबच, पण स्वाहिलीनं त्यातल्या 'की'ला आपल्या की-वर्गाचा उपसर्ग मानलं आणि अनेकवचन केलं वीताबू. दोन पुस्तकं: वीताबू वीवीली.

इथं माझा 'व' कोसळला. स्वाहिलीत 'व'चे दोन आवाज आहेत, ओठ-दातांचा एक आणि नुसत्या ओठांचा दुसरा. 'वीवीली'त पहिला व एक आणि दुसरा व वेगळा. 'वातू', म्हणजे माणसं, यातला तिसराच वाटेल, पण तो दुसराच आहे. सुटका मराठीनंच केली: व्हॅन, व्हिटॅमिन आपण 'व्ह'नं लिहितोच. तेव्हा व्हीताबू व्हीवीली. आणि एका तक्त्यात एक नियम हवा म्हणून बेलारूसीतला दातांचा वसुद्धा 'व्ह', टोपीवाला तेवढा 'व'. लांडगा आता व्होव्क.

बदल 'शोधा आणि बदला'नं केला. रकाना निवडायचा राहिला. मराठी अर्थांच्या रकान्यात 'व्हारा', 'देव्ह', 'व्हाघ'. मागचे टप्पे जतन झाले होते म्हणून निभावलं, तरी संध्याकाळ गेली.

१५ डिसेंबर

पुस्तकं मोजली. हा तक्त्याचा गाभा.

बेलारूसी: अदनाऽ क्नीऽग़ा. मग द्ज़्व्हे, त्रि, चतिऽरि क्नीऽग़ी. पाचाला एकदम क्नीग़, शेवट गळालेला. हे षष्ठीचं अनेकवचन आहे, म्हणजे शब्दशः 'पुस्तकांचे पाच'. चारपर्यंत एक तऱ्हा, पाचापासून दुसरी.

स्वाहिली: कीताबू कीमोजा, व्हीताबू व्हीवीली, व्हीतातू, व्हीन्ने, व्हीतानो. इथवर आकडा नामाची खूण अंगावर घेतो. मग व्हीताबू सीता. सहाला खूण नाही. साताला (साबा) नाही. आठाला परत आहे: व्हीनाने. नऊ (तीसा) आणि दहा (कूमी) पुन्हा कोरडे. सहा, सात, नऊ हे अरबीतून आलेले शब्द. ते घरात राहतात पण घरचा पेहराव करत नाहीत. दहा मात्र घरचाच, तरी तोही करत नाही. त्याचं कारण त्या पोराला विचारलं तर हसला.

एकीत मोजताना नाम वाकतं, दुसरीत आकडा. एकीत तुटतं पाचावर, दुसरीत सहावर.

मधला मराठी रकाना भरताना आधी 'दोन पुस्तकं, पाच पुस्तकं' लिहिलं आणि वाटलं, आपल्याकडे काहीच घडत नाही. मग पुस्तकांऐवजी माणसं घेतली. दोघं, तिघं, चौघं. पुढे? पाचजण. चारनंतर आपलीही शिडी संपते, बेलारूसीची संपते तिथंच. मराठी रकाना नुसता अर्थ सांगायला ठेवला होता, आता तो तिसरा स्पर्धक झाला. माणसांची ओळ वाढवली: स्वाहिलीत वातू वावीली, वातू वातानो, वातू सीता.

१९ डिसेंबर

एक ते तीसपर्यंतच्या ओळी हातानं भरण्याऐवजी सूत्र लावलं: शेवटचा अंक २, ३, ४ असेल तर क्नीऽग़ी. बेलारूसीत २२ला ते बरोबर, १२ला साफ चूक. अकरा ते चौदा हे पाचासारखे वागतात, आणि २१ परत एकासारखा: एकवीस 'पुस्तक'. म्हणजे शेवटचा एक अंक आणि शेवटचे दोन अंक असं दोन्ही तपासावं लागतं. सॉफ्टवेअरवाले युनिकोडच्या सीएलडीआर या साठ्यातून हे नियम तयार घेतात. तिथं बेलारूसीला मोजणीच्या रूपांचे चार प्रकार आहेत, स्वाहिलीला दोनच. ते 'दोन' पाहून स्वाहिली हलकी समजू नये. तो साठा एकवचन की अनेकवचन एवढंच सांगतो, आकड्याला 'व्ही' लागेल की 'वा' हे सांगत नाही.

याच दिवशी शोध चालेना. 'ग़' टाइप केला की निम्मेच शब्द सापडत. नुक्त्याचा ग युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो, एक जोडून तयार अक्षर आणि एक ग अधिक नुक्ता. फोनवरून भरलेले शब्द एका प्रकारचे होते, संगणकावरचे दुसऱ्या. दिसायला तंतोतंत सारखे. सगळं 'ग अधिक नुक्ता' करून घेतलं, 'ज़'चंही तसंच. नुक्ते वापरणार असाल तर हे पहिल्याच दिवशी करा.

५ जानेवारी

घड्याळाची ओळ: 'दुकान सकाळी दहाला उघडतं.' स्वाहिली रकान्यात आलं 'सा न्ने', म्हणजे चार वाजता. टायपिंगची चूक समजून मीच दहा केलं, पोरानं परत चार केलं. तिथं तास सूर्योदयापासून मोजतात. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर सहाच्या आगेमागे उगवतो, तेव्हा आपले सात म्हणजे त्यांचा एक. बेलारूसीत आकडा दहाच, पण क्रमवाचक: 'दहाव्या तासाला'.

वारांची ओळही अशीच. स्वाहिलीत शनिवार पहिला, म्हणून बुधवार 'जुमातानो', पाचवा. गुरुवार 'अल्हामीसी', तोही अरबीतला पाचवाच. बेलारूसीत सोमवारपासून मोजतात, तिथं शुक्रवार पाचवा: प्याऽत्नीच़ा. तीन दिवस लागोपाठ पाचवे. या ओळीला स्पष्टीकरण जोडलं नाही. लोकांना डोकं खाजवू दे.

ओळखीच्या शब्दांचा कोपरा पटकन झाला: गारी (गाडी), पेसा, बीमा (विमा), लाकी (लाख, आणि किंमतही तीच, १,००,०००). हे हिंदी महासागरावरून व्यापारातून गेलेले. बेलारूसीतले दिन-द्ज़ेन्य, द्वार-द्ज़्व्हेऽरि हे कुणी नेलेले नाहीत, ते एकाच प्राचीन घराण्यातले. दोन्ही एका यादीत घातले तर वाचक फसतो, म्हणून दोन रंग केले.

१८ जानेवारी

तक्त्याच्या तळाशी चार इंच जागा उरली. तिथं काय द्यायचं ते शोधताना अनपेक्षित गोष्ट मिळाली. या दोन्ही भाषा अरबी लिपीत लिहिल्या गेल्यात. बेलारूसच्या आणि लिथुआनियाच्या बाजूला स्थायिक झालेले तातार, म्हणजे मूळचे तुर्की गटातली भाषा बोलणारे मुसलमान, आपली भाषा विसरले, बेलारूसी बोलू लागले, पण लिपी अरबीच ठेवली. त्यांच्या हस्तलिखितांना 'कीताब'च म्हणतात. आणि त्यांना अडवलं कुठल्या आवाजांनी? च़ आणि द्ज़. त्यांनी त्यासाठी ठिपके वाढवून नवी अक्षरं केली, ती आज युनिकोडमध्ये आहेत. नोव्हेंबरात मी जिथं अडलो होतो तिथंच ते काही शतकांपूर्वी अडले होते आणि उपायही ठिपक्याचाच केला होता. हे वाचल्यावर नुक्त्याबद्दलची माझी कुरकुर थांबली.

स्वाहिलीला अरबी लिपी स्वरांत कमी पडे. हिचे स्वर पाच, तिच्या मात्रा तीन. ज्ञात असलेली सर्वांत जुनी स्वाहिली कागदपत्रं म्हणजे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या किल्व्याहून १७११ साली मोझांबिकच्या पोर्तुगीजांना आणि त्यांच्या साथीदारांना लिहिलेली पत्रं. ती आहेत गोव्याच्या पुराभिलेखागारात. पोर्तुगीजांचा सगळा पूर्वेचा कारभार गोव्यातून चाले, म्हणून ती तिथं. तळाच्या जागेचा प्रश्न सुटला: डावीकडे तातारांचे कीताब, उजवीकडे कीताबू-व्हीताबू, मध्ये पणजी.

२ फेब्रुवारी

बेलारूसी तपासणी आली. दोन ठिकाणी अनुवादक बाईंनी विचारलं की हिमासाठी 'स' मऊ का लिहिला. मी दोन कोश वापरले होते. एक १९३३च्या सुधारणेनंतरच्या सरकारी वळणाचा, दुसरा भाषातज्ज्ञ तराश्केविचच्या १९१८च्या व्याकरणाच्या वळणाचा, ज्यात हा मऊपणा लिहून दाखवतात. उच्चार दोन्हीकडे मऊच. देवनागरीसाठी जुनं वळण सोयीचं, कारण आपल्याला उच्चारच दाखवायचाय. पण निवड कुठली केली हे तक्त्यावर बारीक अक्षरात सांगितलं, कारण तिकडे या निवडीकडे राजकारण म्हणूनही बघतात.

११ फेब्रुवारी

छपाई. दुकानातल्या संगणकावर जुना नॉन-युनिकोड फॉन्ट. फाइल त्यात वळवल्याबरोबर सगळे नुक्ते उडाले. च़-चा च, ग़-चा ग. वर त्यांच्या मुद्रितशोधक काकांनी मेहनतीनं 'ग़ोऽरि'चं 'गोरी' केलं होतं. त्यांना म्हटलं, "काका, हे मराठी नाही, ऱ्हस्वच ठेवा." ते म्हणाले, "मग मराठी अक्षरात कशाला लिहिलंय?" उत्तर सुचलं नाही. रंगीत ए-३च्या चार प्रती वाया, एकशे साठ रुपये. फॉन्ट आत घातलेली पीडीएफ घरी करून पेनड्राइव्हवर नेली, मग नीट छापलं.

२१ फेब्रुवारी

तक्ता लागला. राहिलेलं काम: 'कुठे' हा रकाना. स्वाहिलीत घर न्यूम्बा, घरात न्यूम्बानी. शाळा शूले, शाळेत शूलेनी. मागे 'नी' लावला की झालं, आपल्या 'त'सारखं. बेलारूसीत घर ख़ाऽता, घरात उ ख़ाऽच़े: पुढे शब्दयोगी अव्यय, मागे बदललेलं रूप, आणि त-चा पुन्हा च़. आपलं सामान्यरूप याच्या जवळचं वाटतं, पण 'शाळा–शाळेत' सोडून आणखी दहा-बारा जोड्या लावल्याशिवाय छापणार नाही. टेबल घेणार नाही, हे नक्की. जोड्या जमल्या की पुरवणी ए-४ वर, काळ्या-पांढऱ्यात.